मंडळीचे वडील आणि घरचे वडील

प्रश्न : माझे वडील आमच्या ख्रिस्ती मंडळीत 31 वर्षे वडीलपदावर, म्हणजे ज्येष्ठाच्या पदावर, होते. दोन महिन्यांपूर्वी ते प्रभूमध्ये निजले. स्मरणसभेत वाचण्यासाठी त्यांचे जीवनवृत्त मी लिहावे, असे पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, सांगितले आहे. जन्म, बाप्तिस्मा, विवाह, नोकरी आणि पदाची वर्षे लिहून झाली. आता वाचून पाहतो तर तो कागद कोणाचाही असू शकेल असे वाटते. सभेला इतर धर्मांचे स्नेहीही येतील, त्यांना हे पद कसे समजावून सांगावे? आणखी एक खंत आहे. आमच्या लहानपणी बहुतेक संध्याकाळी ते दुसऱ्यांच्या घरी असत. सगळे त्यांना कुटुंबवत्सल म्हणतात. मीही तसेच लिहिले, तर ते खोटे ठरेल का?

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पदाविषयीचा प्रश्न आधी घेते, कारण आपल्या खंतीची वाट तेथूनच जाते.

मराठी पवित्र शास्त्रात या पदासाठी ‘वडील’ हाच शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वयाने मोठा एवढाच होतो. आपण मात्र ज्या शब्दाने जन्मदात्याविषयी बोलतो, त्याच शब्दाने मंडळीच्या ज्येष्ठाविषयीही बोलतो. हा आपल्या भाषेचा योगायोग असला, तरी प्रेषित पौलाच्या म्हणण्याशी तो नेमका जुळतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीची देखरेख करणाऱ्याचे गुण सांगताना पौल बहुतेक गुण एकेका शब्दात आटोपतो, पण घराशी येऊन थांबतो आणि विचारतो, की ज्याला स्वतःचे घर चालवता येत नाही, तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील? येथे ‘सांभाळ’ या अर्थी आलेले ग्रीक क्रियापद नव्या करारात दुसरीकडे फक्त येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, येते, वाटेत पडलेल्या जखमी माणसाची त्याने जी शुश्रूषा केली तिच्यासाठी. वडिलाने मंडळीचा सांभाळ करायचा म्हणजे काय करायचे, हे त्या एका शब्दावरून कळते.

स्नेह्यांना एवढे सांगितले तरी पुरेल, की वडील हा पुरोहित नसतो. तो मंडळीने आपल्यातूनच निवडलेला, स्वतःचा उद्योग सांभाळून सेवा करणारा माणूस असतो. पाळकांच्या बरोबरीने तो मंडळीचा कारभार पाहतो, कुटुंबांच्या भेटी घेतो आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आजाऱ्याजवळ जाऊन प्रार्थना करतो. 1541 मध्ये जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्व्हिनने मंडळीची जी व्यवस्था लावली, तिच्यात असे 12 वडील नगराच्या कारभारी सभांमधून घेतले जात आणि दर गुरुवारी पाळकांसह बैठकीला बसत. मात्र जीवनवृत्तात या इतिहासाला एका वाक्याहून अधिक जागा देऊ नये.

आता आपली खंत. ती लपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो हा आपला जावई, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, याला भेटायला येतो, हे सर्वांना आठवते. लोकांचे सगळे न्यायनिवाडे एकट्याने न करता हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमावेत, हा त्याचा सल्लाही आठवतो. पण इथ्रो एकटा येत नाही, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. माहेरी पाठवलेली मोशेची पत्नी सिप्पोरा आणि दोन मुलगे यांना तो सोबत घेऊन येतो. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जावई लोकांच्या तक्रारी ऐकत बसलेला त्याला दिसतो. आपण हे करता ते बरे नाही, आपण थकून जाल, असे त्याने म्हटले ते सासऱ्याच्या नात्याने म्हटले, असे मला नेहमी वाटत आले आहे. तेव्हा आपल्या वडिलांची ओढाताण फार जुनी आहे आणि शास्त्राने ती झाकलेली नाही. ‘संध्याकाळी ते बहुधा घरी नसत, आम्ही त्यांची वाट पाहत असू’ एवढे सरळ वाक्य लिहावे आणि लगेच, घरी आल्यावर ते काय करीत, हे लिहावे. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द मग लागणारच नाही.

ते काय करीत, हे आईला आणि भावंडांना विचारावे. ज्या घरी ते जात, त्यांपैकी दोन-तीन घरीही जाऊन यावे. मी अकरा वर्षांची असताना माझी आई बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. आमच्या मंडळीचे एक वडील दर आठवड्याला येत. खुर्चीवर बसण्याआधी ते मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवीत, तेविसावे स्तोत्र हळू आवाजात वाचीत आणि मग बराच वेळ काहीही न बोलता बसून राहत. पुष्कळ वर्षांनी त्यांची मुलगी भेटली, तेव्हा मी त्या घड्याळाची आठवण सांगितली. ती म्हणाली, की घरी रात्रीच्या प्रार्थनेला बसतानाही ते तसेच करीत आणि घड्याळ खिशात गेले, की आता बाबा कोठेही जाणार नाहीत, हे मुलांना कळे. त्यांनी कोणकोणत्या समित्यांवर काम केले, हे मला आज आठवत नाही. आपल्या वडिलांचेही असे काहीतरी नक्की असेल. तेच लिहावे, तारखांना सुरुवातीच्या चार ओळी पुरेत.

प्रश्न : मुले लहान असल्याने मी वडीलपदावरून काही काळ मोकळा होऊ इच्छितो. हे कर्तव्यापासून पळणे ठरेल का?

उत्तर : नाही. या बाबतीत मंडळ्यांची रीत पूर्वीपासून एकसारखी नाही. 1560 मध्ये स्कॉटलंडमधील धर्मसुधारकांनी केलेल्या नियमावलीत वडिलांची निवड दरवर्षी व्हावी असे ठरले होते आणि त्यांना वेतन नको असे म्हणताना, मंडळीचे काम त्यांना घरचे व्यवहार पाहता येणार नाहीत इतके गुंतवून ठेवणारे नाही, असे कारणही दिले होते. 1578 च्या दुसऱ्या नियमावलीत हे पद आजीवन मानले गेले, तरी आळीपाळीने काही वडिलांनी काही काळ विश्रांती घ्यायला तिच्यातही मोकळीक होती. आपल्या मंडळीच्या घटनेत काय तरतूद आहे, ते पाळकांना विचारून पाहावे आणि निर्णय पत्नीशी बोलूनच घ्यावा. मोकळे होताना आपल्याकडे सोपवलेल्या कुटुंबांची यादी नव्या वडिलांच्या हाती नुसती देऊ नये. निदान आजारी आणि एकट्या राहणाऱ्या माणसांच्या घरी त्यांना स्वतः घेऊन जावे.