उभ्या रेडिएटरने बैठकीची खोली तापेल का?

तापेल, पण तुम्ही पसंत केलेल्या एकट्या रेडिएटरच्या (आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या उपकरणाच्या) भरवशावर राहू नका. इतरांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. खोली ५ बाय ४ मीटर, उंची अडीच मीटर. दोन भिंती बाहेरच्या, भरीव विटांच्या. ३ चौरस मीटरची जुनी दुहेरी काचेची खिडकी. वर आणि खाली तापवलेल्या खोल्या. खिडकीखालचा लांब आडवा रेडिएटर काढून तिथे सोफा ठेवायचा आणि आतल्या भिंतीवर १८०० बाय ५०० मिलिमीटरचा, कॅटलॉगात १६०० वॉट लिहिलेला उभा रेडिएटर लावायचा. पुढेमागे पाणी तापवणारा बॉयलर जाऊन हीट पंप येणार, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारं, पण ते बॉयलरइतकं कडक न करणारं यंत्र.

रेडिएटर उभा की आडवा हे नंतर पाहू. आधी खोलीतून किती उष्णता बाहेर जाते ते काढा. आत २१ अंश आणि बाहेर उणे १ धरलं तर फरक २२ अंशांचा. भरीव विटांच्या, इन्सुलेशन नसलेल्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण २ वॉट जातात. खिडकी वजा करून तुमची बाहेरची भिंत साडेएकोणीस चौरस मीटर भरते, म्हणजे सुमारे ८६० वॉट तिथेच गेले. जुन्या दुहेरी काचेला २.८ धरा, खिडकीचे १८५ वॉट. फटींतून तासाला एकदा खोलीतली सगळी हवा बदलत असेल तर ५० घनमीटर हवा पुन्हा तापवायला ३६० वॉट. बेरीज १४०० वॉटच्या आसपास. ‘इतक्या चौरस फुटाला इतके वॉट’ असले ठोकताळे मला मुळीच पटत नाहीत. त्यांत भिंत कशाची आहे हे कुणी विचारतच नाही, आणि तुमच्याकडे निम्म्याहून जास्त उष्णता भिंतीच खातात.

१६०० हा आकडा १४०० पेक्षा मोठा आहे, मग अडचण कुठे? तो आकडा ईएन ४४२ या युरोपीय मानकाप्रमाणे मोजलेला असतो. पाणी ७५ अंशांवर आत जातं, ६५ वर बाहेर पडतं आणि खोली २० अंशांवर असते. पाण्याचं सरासरी तापमान ७०, खोलीशी फरक ५०. कॅटलॉगात याला डेल्टा टी ५० म्हणतात. (काही ठिकाणी ६० वरचा आकडा छापतात. तो दिसायला बराच मोठा असतो, म्हणून आकड्याशेजारी काय लिहिलंय ते नक्की वाचा.) हीट पंपावर पाणी ५५ वर गेलं आणि ४५ वर परतलं, तर सरासरी ५० आणि फरक फक्त ३०. मात्र उष्णता फरकाच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, त्याहून वेगाने कमी होते. फरक ४० ला कॅटलॉगच्या आकड्याच्या ०.७५ पट मिळते, ३० ला ०.५१ पट, २० ला जेमतेम ०.३ पट. तुमचे १६०० वॉट तिथे सव्वाआठशेच्या आत येतात.

म्हणजे आजच्या बॉयलरवर एक रेडिएटर कसाबसा पुरेल, हीट पंपावर पुरणार नाही. आणि हीट पंप आला नाही तरी पाणी ७५ वर चालवण्यात हशील नाही. कंडेन्सिंग बॉयलरला धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवायची तर परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. तेव्हा हिशोब कमी तापमानावरच करा.

उंचीबद्दल आणखी एक गोष्ट. उभ्या रेडिएटरच्या वरच्या भागाला खालून आधीच तापलेली हवा मिळते, त्यामुळे तो भाग कमी उष्णता देतो. शिवाय गरम हवा थेट छताजवळ सुटते. समोरून तेवढंच क्षेत्रफळ दिसतं म्हणून जुन्या आडव्याइतकीच उष्णता मिळेल असं समजू नका, फक्त वॉट पाहा. क्रोमचा मुलामा घेऊ नका, चकचकीत धातूवरून उष्णता कमी प्रमाणात उत्सर्जित होते. साधा रंग कुठलाही चालतो, काळा-पांढरा असा फरक नगण्य आहे.

जोडणीत सर्वांत जास्त घोळ होतात. दोन्ही पाइप खालून जोडायच्या अनेक उभ्या मॉडेलांत आत एक अडसर असतो. तो आलेलं पाणी आधी वरपर्यंत चढवतो. येणारा आणि परतीचा पाइप उलटे जोडले तर रेडिएटर अर्धवटच तापतो, आणि मग आत हवा अडकली असं समजून लोक उगाच ती काढत बसतात. कोणती बाजू कशासाठी हे माहितीपत्रकात पाहून प्लंबरला काम सुरू होण्याआधी दाखवा. दोन पाइपांमधलं अंतरही तिथेच मिळेल. फरशी फोडायची असेल तर ते आधी हातात हवं. घरात ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक पाइप असतील तर मोठ्या रेडिएटरला पुरेसं पाणी पोचेल का, हे आधी विचारून घ्या.

तुमची व्यवस्था बंद दाबाची नसून वर उघडी टाकी असलेली असेल, तर रेडिएटरचं वरचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली राहिलं पाहिजे. आडव्या रेडिएटरला हा प्रश्न सहसा येत नाही. वरच्या मजल्यावर, टाकी कपाटात ठेवलेली असेल, तर १८०० मिलिमीटरच्या रेडिएटरला येऊ शकतो.

वजन: स्टीलचा दुहेरी (एकामागे एक दोन थरांचा) उभा रेडिएटर पाण्यासकट ४०-५० किलो सहज भरतो. विटांच्या भिंतीत चिंता नाही. जिप्सम बोर्डाच्या भिंतीत मागे लाकडी आधार घालूनच लावा. अॅल्युमिनियमचा हलका असतो आणि चटकन तापतो, पण पाण्यात अॅल्युमिनियमला चालणारं गंजरोधक रसायन हवंच.

तुमच्या जागी मी १८०० बाय ५०० चे दोन दुहेरी रेडिएटर घेईन, एक आतल्या भिंतीवर आणि दुसरा खिडकीच्या शेजारी. दोन्ही मिळून कमी तापमानावरही १६०० वॉटपर्यंत देतील. दुसरा खिडकीशेजारी एवढ्यासाठी, की जुन्या काचेवरून थंड हवा खाली ओघळते आणि खालचा रेडिएटर काढल्यावर ती थेट सोफ्यावर बसलेल्याच्या मानेवर येईल. दोन्ही आतल्या भिंतीवरच हवे असतील तर आधी खिडकीची काच बदला.