वाचकांचे प्रश्न : क्रोशे शिकताना

या सदराकडे क्रोशाविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. निरनिराळ्या गावांहून आलेल्या या पत्रांमधील बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. टाके ओळखण्याची आणि मोजण्याची सवय लागण्यापूर्वीच वस्तू विणायला घेतली जाते आणि मग ती बिघडली की दोष हाताला किंवा वयाला दिला जातो. प्रत्यक्षात क्रोशे ही अत्यंत क्षमाशील कला आहे. सुईवर एका वेळी बहुधा एकच फास असल्यामुळे कितीही ओळी उसवल्या तरी काम पुन्हा तेथूनच सुरू करता येते.

प्रश्न : मला क्रोशे अगदी पहिल्यापासून शिकायचे आहे. दुकानात सुया आणि लोकरीचे इतके प्रकार दिसतात की नेमके काय घ्यावे ते कळत नाही. नातीसाठी टोपडे विणण्याची इच्छा आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण ४ मिमीची, टोकाला आकडा असलेली एक क्रोशाची सुई, मध्यम जाडीच्या लोकरीचा एक गुंडा, कात्री आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई एवढेच घ्यावे. सुईचा आकार बहुतेक वेळा तिच्या दांड्यावर कोरलेला असतो. लोकर फिक्या, एकाच रंगाची आणि गुळगुळीत असावी. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि केसाळ लोकरीत ते उसवता येत नाहीत. शिकणाऱ्याला या दोन्ही गोष्टींची सतत गरज पडते. सरावासाठी साधी ॲक्रिलिकची लोकर उत्तम, कारण ती स्वस्त असते आणि अनेकदा उसवली तरी टिकते.

सुरुवात सरकगाठीने, म्हणजे ओढली की आवळणाऱ्या फासाच्या गाठीने करावी आणि मग साखळी विणावी, म्हणजे सुईवरच्या फासातून लोकर ओढून एकामागून एक नवा फास काढत जावे. लोकर डाव्या हाताच्या करंगळीभोवती एकदा गुंडाळून तर्जनीवरून आणली की ती आपोआप बेताने सुटत जाते. साखळीचे सर्व दुवे एकसारखे दिसू लागेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये. त्यानंतर मुका खांब शिकावा. सुई टाक्यात घालून लोकर बाहेर ओढावी, म्हणजे सुईवर दोन फास होतात, आणि मग पुन्हा लोकर घेऊन दोन्ही फासांतून एकदम काढावी. खांबासाठी सुई टाक्यात घालण्यापूर्वी तिच्यावर लोकरीचा एक वेढा घ्यावा. टाक्यातून लोकर ओढल्यावर सुईवर तीन फास होतात आणि ते दोन-दोन करून दोनदा सोडवायचे असतात. हेच तीन फास एकदम सोडवले तर अर्धा खांब तयार होतो. हे चार टाके बसले की टोपडे, शाल, पिशवी आणि रुमाल यांतील बहुतेक काम आपल्या आवाक्यात आले असे समजावे.

टोपडे मात्र दुसऱ्या टप्प्यावर घ्यावे. तान्ह्या बाळासाठी विणताना लोकर मऊ असावी, लांब बंद किंवा सैल लावलेली बटणे नसावीत आणि विणीत बाळाची बोटे अडकतील इतकी मोठी छिद्रे ठेवू नयेत.

प्रश्न : पट्टी विणायला घेतली की दर ओळीला ती अरुंद होत जाते आणि शेवटी त्रिकोण तयार होतो. मी टाका कुठे गाळते तेच सापडत नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नव्याने शिकणाऱ्यांच्या पत्रांत ही तक्रार सर्वाधिक आढळते, म्हणून तिचे उत्तर सविस्तर देत आहोत. टाका मधल्या भागात सहसा गळत नाही. तो ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी गळतो आणि त्याचे कारण वळताना घ्यायच्या साखळ्यांमध्ये असते. वळल्यावर मुक्या खांबासाठी १, अर्ध्या खांबासाठी २ आणि खांबासाठी ३ साखळ्या घेतात, कारण नव्या ओळीची उंची गाठण्यासाठी तेवढ्या लागतात. मुक्या खांबाच्या विणीत ती एक साखळी टाका म्हणून मोजली जात नाही, त्यामुळे पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात घालावा लागतो. खांबाच्या विणीत मात्र त्या तीन साखळ्या म्हणजेच ओळीतील पहिला खांब असतो. म्हणून त्यांच्या पायाशी असलेला टाका सोडून पुढच्या टाक्यापासून विणायचे, आणि ओळ संपवताना शेवटचा खांब मागील ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा. हा शेवटचा खांब नजरेतून निसटतो, कारण साखळ्यांचा माथा इतर टाक्यांसारखा दिसत नाही. तो राहिला की दर ओळीला एक टाका कमी होतो. उलट पायाशी असलेल्या टाक्यातही खांब घातला आणि माथ्यावरचाही घातला, तर पट्टी रुंद होत जाते.

आपण १५ टाक्यांचा एक नमुना विणून पाहावा. मुक्या खांबासाठी १६ साखळ्या घ्याव्यात आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला टाका घालावा. खांबासाठी १७ साखळ्या घेऊन सुईपासून चौथ्या साखळीत सुरुवात करावी, म्हणजे सोडलेल्या तीन साखळ्या धरून १५ खांब भरतात. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवावी आणि ओळ संपली की टाके मोजावेत. वरून पाहिले असता प्रत्येक टाक्याचा माथा आडव्या वेणीतील एका पेडासारखा दिसतो आणि मोजायचे असतात ते हेच माथे. एकदा ते ओळखता आले की चूक त्याच ओळीत सापडते आणि दहा ओळी उसवाव्या लागत नाहीत.

पहिलीच कड आवळली जाऊन पट्टी खालून आखडत असेल, तर ती टाक्यांची चूक नसून साखळी घट्ट झाल्याची खूण आहे. अशा वेळी फक्त साखळी अर्ध्या मिमीने मोठ्या सुईवर घालावी आणि पुढील काम नेहमीच्या सुईने करावे.

प्रश्न : चित्रफितीत पाहून विणले तर वीण दाखवल्यापेक्षा उंच आणि सैल येते. टाका तर सांगितलेलाच घेतला होता. (एक वाचक, पुणे)

उत्तर : इंग्रजी नमुन्यांत टाक्यांच्या नावांच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. अमेरिकी नमुन्यातील ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब आणि ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. ब्रिटिश नमुन्यात मात्र मुक्या खांबालाच ‘डबल क्रोशे’ म्हणतात आणि खांबाला ‘ट्रेबल’. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आढळले तर तो अमेरिकी पद्धतीचा समजावा. त्यापेक्षा आकृतीवरून विणायला शिकणे अधिक चांगले, कारण तेथे साखळीसाठी लहान लंबगोल आणि खांबासाठी आडवी रेघ दिलेली उभी खूण असते. अशी आकृती जपानी किंवा रशियन नियतकालिकातील असली तरी वाचता येते.

प्रश्न : पेल्याखाली ठेवायची गोल चकती विणताना कधी वाटी तयार होते, तर कधी कडेला झालर. सपाट चकती कशी येईल? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सपाट वर्तुळाला एक निश्चित हिशोब आहे. वर्तुळ जसे बाहेर वाढते तसा त्याचा परीघ दर फेरीला ठरावीक प्रमाणात वाढतो आणि टाकेही त्याच प्रमाणात वाढवावे लागतात. मुक्या खांबाने विणताना पहिल्या फेरीत ६ टाके घेऊन दर फेरीला ६ टाके वाढवावेत, म्हणजे ६, १२, १८, २४ असा क्रम येतो. खांब उंच असल्यामुळे त्याला १२ टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीला १२ टाके वाढवावे लागतात. टाके कमी वाढवले की कड ओढली जाऊन वाटी होते, जास्त वाढवले की झालर पडते.

खांबाची चकती अशी विणावी. ४ साखळ्या घेऊन त्या सरकटाक्याने (सुई टाक्यात घालून लोकर टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून एकदम ओढणे) जोडून कडे करावे. ३ साखळ्या घेऊन कड्यात ११ खांब घालावेत आणि तिसऱ्या साखळीच्या माथ्यावर सरकटाक्याने फेरी बंद करावी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, तिसऱ्या फेरीत आळीपाळीने एका टाक्यात एक व पुढच्या टाक्यात दोन खांब घालावेत. म्हणजे अनुक्रमे २४ आणि ३६ टाके होतात. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या एक खांब म्हणून धराव्यात. मध्यम लोकरीत एवढ्या तीन फेऱ्यांची चकती पेल्याला पुरते. मोठे आसन विणायचे असेल तर वाढीचे टाके दर फेरीला एकाच जागी येऊ देऊ नयेत, नाहीतर वर्तुळाला कोपरे फुटू लागतात.

येथे एक महत्त्वाची सूचना द्यावीशी वाटते. चकती गरम भांड्याखाली ठेवायची असेल, तर ती सुती दोऱ्यातच आणि दुपदरी विणावी. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडून वितळते, त्यामुळे गॅसवरून उतरवलेली कढई त्यावर ठेवणे धोक्याचे आहे.

प्रश्न : मी डावखुरी आहे. मला उजव्या हातानेच शिकावे लागेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मुळीच नाही. सुई डाव्या हातात धरून सर्व कृती आरशातल्यासारखी उलटी करावी. आपली ओळ डावीकडून उजवीकडे जाईल आणि साध्या विणीत कोणताही फरक पडणार नाही. फक्त अक्षरे किंवा चित्रे असलेला नमुना उलटा उमटतो, म्हणून त्याची आकृती उलट दिशेने वाचावी.

प्रश्न : आईने रुखवतासाठी विणलेला बारीक दोऱ्याचा रुमाल घरात आहे. तसाच विणून मुलीच्या रुखवतात ठेवायचा आहे. नवशिक्या व्यक्तीला ते जमेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : जमेल, परंतु थेट बारीक दोऱ्यापासून सुरुवात करू नये. अशा रुमालांना पिळदार सुती दोरा आणि साधारण १ ते १.५ मिमीची पोलादी सुई लागते. तेवढ्या बारीक कामात नवख्या डोळ्याला टाक्याचा माथाच दिसत नाही. आधी तोच नमुना जाड सुती दोऱ्यात आणि ३ मिमीच्या सुईवर विणून पाहावा. जुना रुमाल उजेडात धरून मध्यापासून फेरीगणिक खांब आणि साखळ्या मोजल्या, तर छापील नमुन्याशिवायही तो उतरवून घेता येतो. आपल्या आईच्या हातचे काम अशा रीतीने शिकण्यासारखी दुसरी शिकवणी नाही, असे आम्हांला मनापासून वाटते. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरातील स्त्रिया अशाच बारीक सुती दोऱ्याची क्रोशाची लेस पिढ्यान्‌पिढ्या विणत आल्या आहेत आणि त्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या कामाचा पायाही साखळी आणि खांब हाच आहे.

विणून झालेला रुमाल कोमट पाण्यात धुवावा, साबुदाण्याची पातळ खळ द्यावी आणि पंच्यावर गोल ताणून, गंज न लागणाऱ्या टाचण्या टोचून सुकवावा. नक्षी खरी उठून दिसते ती यानंतरच.

प्रश्न : दिवाळीपूर्वी दारासाठी एखादे सोपे तोरण विणता येईल का? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : त्रिकोणांचे तोरण विणावे. ते केवळ मुक्या खांबात होते. २ साखळ्या घेऊन सुईपासून दुसऱ्या साखळीत १ मुका खांब घालावा. पुढील प्रत्येक ओळीत वळून १ साखळी घ्यावी, पहिल्या टाक्यात २ मुके खांब आणि उरलेल्या टाक्यांत एकेक घालावा. ओळीचा क्रमांक तितकेच तिचे टाके, असा सोपा ताळा आहे. काम दर वेळी उलटत असल्यामुळे वाढ दोन्ही बाजूंना आळीपाळीने होते. २० ओळींचा त्रिकोण मध्यम लोकरीत वरच्या बाजूला साधारण १२ सेंमी भरतो, पण प्रत्येकाचा हात वेगळा असतो, म्हणून पहिला त्रिकोण मोजूनच दाराच्या रुंदीला किती लागतील ते ठरवावे. सर्व त्रिकोण झाल्यावर ३० साखळ्या घ्याव्यात, पहिल्या त्रिकोणाच्या वरच्या कडेवर २० मुके खांब घालावेत, ५ साखळ्या घेऊन पुढचा त्रिकोण जोडावा आणि शेवटी पुन्हा ३० साखळ्या घ्याव्यात. दोन टोकांच्या साखळ्या खिळ्याला बांधण्यासाठी उपयोगी पडतात. प्रत्येक त्रिकोणाची सुटी टोके किमान १५ सेंमी राखून बोथट सुईने विणीत उलटसुलट ओवावीत, कारण आखूड कापलेली टोके पहिल्याच धुण्यात सुटतात. तोरण लाल किंवा जांभळ्या सुती दोऱ्याचे करणार असाल, तर दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून रंग जातो का ते विणण्यापूर्वीच पाहावे.