स्कॉलरशिप मोठी आहे, पण गहाण पडणार आहे पप्पांचं घर

प्रश्न : मी अहिल्यानगरची, बारावी झालेली. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका ख्रिस्ती लिबरल आर्ट्स (साहित्य, कला, विज्ञान असे विषय एकत्र शिकवणाऱ्या) विद्यापीठात इंग्रजी साहित्यासाठी प्रवेश मिळालाय. वर्षाचा खर्च 55 हजार डॉलर, पैकी 24 हजारांची स्कॉलरशिप. पप्पा शिक्षक आहेत, पाच वर्षांत निवृत्त होतील. घर तारण ठेवून 60 लाखांचं कर्ज घ्यावं का?

उत्तर : बाळा, आधी अभिनंदन. वर्गात वीसच मुलं, नावानं ओळखणारे प्राध्यापक आणि अभ्यासासोबत उपासना, हे तुला का हवंय ते तुझ्या पत्रातून नीट कळलं. त्या ओढीला मी खर्च म्हणत नाही.

पण हिशेब मांडू. 24 हजार वजा जाता उरतात 31 हजार डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर वर्षाला जवळजवळ 28 लाख, चार वर्षांचे जवळजवळ 1 कोटी 12 लाख. म्हणजे तुमचं कर्ज तिसरं वर्ष सुरू होता होताच संपतं. विमा, पुस्तकं, विमानाचं भाडं अजून धरलेलंच नाही. पुढचे पैसे कुठून, हे पत्रात कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. शिक्षण अर्धवट, घर तारण, पप्पा निवृत्तीला टेकलेले. 60 लाखांवर 11 टक्क्यांनी बारा वर्षांचा हप्ता 75 हजारांच्या आसपास जातो. तो पेन्शनमधून भरायचा?

स्कॉलरशिपच्या पत्रात दोन गोष्टी शोध : रक्कम चार वर्षं तीच राहणार का, आणि किती जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावा लागेल. फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिप बहुधा वाढत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं, त्यातून हातखर्च निघेल, फी नाही. साहित्याच्या पदवीनंतर तिथे कामाची मुभाही 12 महिन्यांचीच. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी 24 महिन्यांची वाढ तुला मिळणार नाही.

विद्यापीठाची तब्येतही बघ. न्यूयॉर्कचं अलायन्स विद्यापीठ, 1882 पासूनची ख्रिस्ती संस्था, मान्यता गेल्यावर 2023 मध्ये बंद झालं. मुलांना अर्ध्या वाटेवर दुसरं कॉलेज शोधावं लागलं.

म्हणून या रकमेवर माझं उत्तर 'नाही'. प्रवेश कार्यालयाला घरची मिळकत कळवून मदत वाढवून माग, त्यात संकोच नको. आणि केंटकीतल्या बेरिया कॉलेजला अर्ज कर. 1855 चं, ख्रिस्ती परंपरेचं लिबरल आर्ट्स कॉलेज, कुणाकडूनही शिक्षणाची फी घेत नाही. त्या बदल्यात प्रत्येकाला कॅम्पसवर काम करावं लागतं. जागा थोड्या, स्पर्धा फार, पण अर्ज करावाच. तोवर आपल्याच गावातल्या अहमदनगर कॉलेजात बीएला नाव घाल. 1947 पासूनची ख्रिस्ती संस्था आहे ती. एमएला असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम) घेऊन अमेरिका गाठता येते, तेव्हा फी बरीचशी विद्यापीठच भरतं.

मदतीचं नवं पत्र आलं की आकडे मला कळव, पुन्हा बसून बघू. तोपर्यंत घराची कागदपत्रं बँकेत देऊ नका.