‘ग्लोरियस ट्वेल्फ्थ’ आणि ‘प्लस फोर्स’ मराठीत कसे आणायचे?

प्रश्न असा आलाय की एक ताई स्कॉटलंडमधल्या एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतायत आणि एका वाक्यापाशी अडल्यात. त्यांचं भाषांतर : ‘गौरवशाली बारावीसाठी त्याने नवीन चार अधिक शिवून घेतले, आठ बंदुका होत्या आणि पहिल्याच फेरीत वीस तितर मिळाले.’ मूळ शब्द ट्वेल्फ्थ, प्लस फोर्स, गन्स, ड्राइव्ह, ब्रेस आणि ग्राउस. ताईंना स्वतःलाच हे वाक्य खटकतंय आणि ते बरोबरच आहे, कारण एका ओळीत सहा ठिकाणी अर्थ निसटलाय.

आधी ट्वेल्फ्थ. ही १२ ऑगस्ट. ब्रिटनमध्ये रेड ग्राउस ह्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम त्या दिवशी उघडतो आणि १० डिसेंबरला बंद होतो, स्कॉटलंडच्या १७७२च्या जुन्या कायद्यातसुद्धा ह्याच दोन तारखा होत्या. बारा तारखेला रविवार आला तर शिकार सोमवारी सुरू होते, रविवारी बंदूक उचलत नाहीत. आता मराठीत ‘बारावी’ म्हटलं की परीक्षा डोळ्यासमोर येते आणि ‘बारावा दिवस’ म्हटलं की सुतक, त्यामुळे तो रस्ताच नको. पण आपल्याकडे तारखेलाच दिवसाचं नाव करायची सवय आहे की, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, एक मे, ह्यांना पुढे काही जोडावं लागत नाही. तसंच सरळ ‘बारा ऑगस्ट’ लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘हंगामाचा पहिला दिवस’ एवढं वाक्यात ओवून टाका. ‘गौरवशाली’ तर काढाच, तो भाषणातला शब्द आहे, शिकाऱ्यांच्या तोंडचा नाही. एक सावधगिरी मात्र हवी, उत्तर आयर्लंडमध्ये ‘ट्वेल्फ्थ’ म्हणजे १२ जुलै, १६९०च्या बॉइनच्या लढाईच्या स्मरणाचा दिवस, आणि त्यालाही लोक ग्लोरियस ट्वेल्फ्थ म्हणतात. कथा स्कॉटलंडची आहे आणि बंदुका आहेत म्हणून इथे ऑगस्टच, पण दुसऱ्या कुठल्या पुस्तकात हा शब्द भेटला तर आधी महिना बघा.

ग्राउसला तितर म्हणू नका. तितर म्हणजे पार्ट्रिज, तो ब्रिटनमध्येही आहे आणि त्याचा हंगाम वेगळा, १ सप्टेंबरपासून, म्हणजे कथेत पुढे पार्ट्रिज उगवला की तुमच्याकडे शब्दच उरणार नाही. कुणी ‘पखुर्डी’ सुचवेल कारण तिला इंग्रजीत सँडग्राउस म्हणतात, पण ती आपल्या कोरड्या माळावरची, नावापुरतीच ग्राउस, नात्याने कबुतरांच्या जवळची. जुन्या स्कॉटिश कायद्यात ह्या पक्ष्याला म्युअर-फाउल म्हटलंय, त्यावरून रानकोंबडा म्हणायचा मोह होईल, तर रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आधीच आहे आणि तो वेगळाच पक्षी आहे. म्हणून नाव तेच ठेवा, फक्त ‘ग्राउज’ असं लिहू नका, शेवटी ‘स’ आहे. हा पक्षी हेदर नावाच्या झुडपाचे कोवळे शेंडे खाऊन जगतो, आणि ऑगस्टमध्ये तेच हेदर फुलून अख्खे डोंगर जांभळे होतात. त्या जागेला मूर म्हणतात. ‘माळ’ म्हटलं तर वाचकाला रखरखीत उन्हाळी जमीन दिसेल, ही जमीन ओली, पाणी धरून ठेवणारी असते. मला ‘पठार’ बरं वाटतं, कासचं पठार पाहिलेल्या माणसाला ओलसर, फुललेला, झाड नसलेला विस्तार लगेच कळतो.

आता कपडे, आणि माझ्या मते अनुवादात सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला हवी. प्लस फोर्स ही गुडघ्याखाली बांधायची ढगळ विजार. साध्या ब्रीचेस गुडघ्याशी संपतात, हिच्यात त्याहून चार इंच जास्तीचं कापड असतं आणि ते खाली झोळासारखं ओघळतं, तेच ते ‘चार अधिक’. दोन इंचवाल्या प्लस टूज पण असतात. ‘चोळणा’ हा आपला शब्द मला फार आवडतो, आकारही थोडाफार जुळतो, पण तो वाचला की मावळा उभा राहतो, म्हणून इथे नाही वापरता येणार. प्लस फोर्सच लिहा पण तिचा उपयोग दिसू द्या. हेदर कधी कधी पार गुडघ्यापर्यंत येतं आणि सकाळी दवाने किंवा पावसाने चिंब असतं, लांब पँट घातली तर घोट्यापाशी भिजून दिवसभर पायाला चिकटते, ह्या विजारीखाली मात्र जाड लोकरी मोजे असतात आणि ते ओले झाले तरी ऊब देतात. ट्वीड ह्या जाड कापडाचंही तसंच, लोकर असल्यामुळे भिजून गारठत नाही आणि हलताना सळसळत नाही. (ट्वीड हा शब्दच मुळात चुकून झालेला म्हणतात, स्कॉटिश ‘ट्वील’ कुणीतरी ट्वीड वाचलं आणि त्या नावाची नदी तिथे होतीच म्हणून ते टिकलं.) स्कॉटलंडमध्ये मोठमोठ्या जहागिरींची स्वतःची ट्वीड असते, तिथल्याच डोंगराच्या रंगात विणलेली, बाल्मोरल ह्या राजघराण्याच्या जहागिरीची तर व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट ह्याने ठरवली, तिथल्या ग्रॅनाइटसारखी करडी. रंग मंद ठेवायचं कारण साधं आहे, भडक काही दिसलं की पक्षी वळतो.

ह्यातच एक मोठी चूक होते. आपण सगळ्यालाच ‘शिकार’ म्हणतो पण ब्रिटिश इंग्रजीत हंटिंग म्हणजे घोड्यावर बसून कुत्र्यांच्या मागे, लाल कोट घालून, आणि शूटिंग म्हणजे पायी, बंदुकीने, ट्वीडमध्ये. कथेतला कोणी ‘आम्ही हंट करत नाही, शूट करतो’ म्हणाला तर मराठीत ‘आम्ही घोड्यावरची शिकार करत नाही, बंदुकीची करतो’ असं फोडून सांगावं लागेल. आणि पुस्तकाला चित्रं असतील तर चित्रकाराला हे आधी सांगा, नाहीतर ग्राउसच्या शिकारीत लाल कोट येतील.

‘आठ गन्स’ म्हणजे आठ माणसं, तिथे बंदूक चालवणाऱ्या पाहुण्यालाच गन म्हणतात. ‘बंदूकधारी’ नको, वर्तमानपत्राने तो शब्द बिघडवलाय, साधं ‘आठ शिकारी’ पुरेसं आहे. आणि ड्राइव्हसाठी तर आपल्याकडे अस्सल शब्द आहे, हाका! हाकेकरी रांग धरून रान उठवतात, पक्षी उठून पुढे जातात आणि शिकारी दगडमातीच्या कमरेएवढ्या आडोशामागे उभे असतात, त्याला तिकडे बट म्हणतात, मराठीत आडोसाच बरा. फक्त कुत्री घेऊन चालत चालत केलेली शिकार असेल तर हाका वापरू नका.

ब्रेस म्हणजे दोन पक्षी. वीस ब्रेसचे चाळीस होतात, ताईंच्या वाक्यात निम्मे हरवलेत.

मी असं लिहीन : ‘बारा ऑगस्ट म्हणजे हंगामाचा पहिला दिवस, त्यासाठी त्याने ट्वीडची नवी प्लस फोर्स शिवून घेतली होती. आठ शिकारी आपापल्या आडोशाला उभे राहिले आणि पहिल्याच हाक्यात चाळीस ग्राउस पडले.’ पुढच्या पानावर ‘ब्रीक्स’ असा शब्द येईल कदाचित, तो ब्रीचेसचाच स्कॉटिश उच्चार आहे, नवीन कपडा नाही, तिथे नुसतं ‘विजार’ लिहिलंत तरी चालेल.