कमी पैशांत मित्रांसोबत ज्वालामुखी आणि गुहा: कुठे जावं, काटकसर कशात करावी?

कमी पैशांत मित्रांसोबत ज्वालामुखी आणि गुहा बघायला कुठे जावं, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही पाच जण आहात हे वाचलं आणि निम्मी चिंता मिटली. अशा सहलीत खिसा रिकामा होतो तो जीप आणि गाइडवर, आणि त्यांचे पैसे बहुतेक वेळा माणशी नसतात, अख्ख्या गटाचे असतात. एकट्याला जी सहल परवडत नाही ती पाच जणांत आरामात निघते.

ठिकाण विचाराल तर मी डोळे झाकून इंडोनेशियातलं जावा बेट सांगेन. आम्ही चौघं जुलैमध्ये गेलो होतो. साधारण मे ते सप्टेंबर तिथे कोरडा ऋतू असतो. गुहेसाठी हे फार महत्त्वाचं, का ते पुढे सांगतो.

सुरुवात तिथल्या योग्याकर्ता शहरातून करा. तिथून जवळ गुनुंगकिडुलचा चुनखडीचा पट्टा आहे, त्यात जोम्ब्लांग गुहा. जमीन खचून तयार झालेलं हे प्रचंड भोक आहे. दोराला बांधून साधारण 60 मीटर खाली सोडतात. तळाशी चक्क झाडी आहे! तिथून चिखलाच्या बोगद्यातून पुढच्या दालनात गेलं की छताच्या भोकातून उन्हाचा खांब उतरलेला दिसतो. तो दिसायला सकाळी 10 ते 12च्या दरम्यान आत असायला हवं, आणि आभाळ मोकळं हवं. ढगाळ दिवशी गेलात तर फक्त चिखल पदरी पडेल.

पुढे रेल्वे. श्री तांजुंग नावाची स्वस्त गाडी योग्याकर्ताच्या लेम्पुयांगान स्थानकावरून निघून प्रोबोलिंगोमार्गे केतापांगपर्यंत जाते. प्रोबोलिंगोला उतरलात की ब्रोमो ज्वालामुखी, केतापांगला उतरलात की इजेन ज्वालामुखी. खासगी गाडीचा केवढा तरी खर्च या एका गाडीने वाचतो. दिवसभर बसून पाठ मोडते, तेवढं चालायचंच.

ब्रोमोला (2,329 मीटर) बहुतेक लोक पहाटेच्या जीपचं पॅकेज घेतात. आम्ही चेमोरो लावांग या कड्यावरच्या गावात राहिलो आणि पायी गेलो. काळ्या वाळूचं मैदान ओलांडायचं, पायऱ्या चढायच्या, की तुम्ही विवराच्या काठावर. अंधारात वाळूवर वाट चुकायला होते, म्हणून उजाडल्यावर निघालेलं बरं. आणि थंडीचे कपडे न्या. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे भूगोलात वाचलेलं तिथे हाडांना कळतं.

इजेनमध्ये मात्र पैसे वाचवू नका. रात्री जी निळी ज्योत बघायला सगळे जातात तो लाव्हा नव्हे, हवेचा स्पर्श होताच पेटणारा गंधकाचा वायू असतो. त्याच धुरातून खाणकामगार 70 किलोच्या वर गंधक खांद्यावर घेऊन चढत असतात. आमच्यातल्या एकाने सर्वांत स्वस्त मास्क भाड्याने घेतला आणि त्याचा फिल्टर कधीचाच निकामी झालेला निघाला. आम्ही विवरात उतरलो, वारा फिरला आणि धुराचा लोट थेट अंगावर आला. त्याला खोकत, डोळे पुसत, दगड धरधरून वर यावं लागलं. निळी ज्योत त्याने नंतर आमच्या मोबाइलवर पाहिली. साधा कापडी मास्क किंवा ओला रुमाल या वायूला रोखत नाही. वायूचा फिल्टर असलेला मास्कच हवा, आणि तो वर चढण्याआधी लावून बघा. कॉन्टॅक्ट लेन्स मुक्कामावरच ठेवा.

'परवानगी आहे म्हणजे सुरक्षित आहे' हेही मनातून काढा. सुमात्रा बेटावरच्या मारापी ज्वालामुखीवर (योग्याकर्ताजवळचा मेरापी वेगळा) 3 डिसेंबर 2023 रोजी स्फोट झाला आणि 24 गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. धोक्याचा इशारा चारपैकी (चौथी सर्वांत धोक्याची) दुसऱ्याच पातळीवर होता, विवरापासून 3 किलोमीटर लांब राहा असा सल्लाही होता, तरी लोक वर होते. इंडोनेशियात या पातळ्या जाहीर असतात. आदल्या संध्याकाळी बघा, आणि किती अंतर राखायला सांगितलंय तेही वाचा.

गुहेत खरा धोका पाण्याचा. पाऊस लांब डोंगरावर पडतो आणि पाणी तुमच्या बोगद्यात भरतं. 2018मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले ते असेच. आभाळ भरलेलं दिसलं तर भरलेले पैसे सोडून द्या. माणशी तीन दिवे ठेवा, त्यातला एक डोक्यावर. गुहेत जाणारे किमान चौघं हवेत असं म्हणतात, कारण एक जखमी झाला तर एकजण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. तुम्ही पाच आहात, छान.

बाकी मुक्काम, बॅग, बूट, जेवण यांत हवी तेवढी कात्री चालवा. प्रवास विमा स्वस्तातला घेतलात तरी बारीक अक्षरं वाचा. अनेक पॉलिसींत गुहा आणि ठरावीक उंचीवरची चढाई वगळलेली असते. आणि तिकिटं काढायच्या आधी पाचही जणांना एकेकटं गाठून विचारा, अंधाऱ्या अरुंद जागेत कुणाचा जीव घाबरतो का. सगळ्यांसमोर विचारलंत तर कुणीच हो म्हणणार नाही.