दुसरी वही

प्रिय,

तुझं पत्र परवा संध्याकाळी मिळालं. सोबतचे सात कागद मी जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलेत. काल घरी आलेल्या प्रत्येकाला ते दाखवले. नवऱ्या मुलाचा मामा एका हाताने घसरणारा फेटा सावरतोय आणि दुसऱ्या हातातली जिलबीची ताटली काही केल्या कलू देत नाही, तो कागद तर मला उचलून ठेवावासाच वाटत नाही. आणि त्याच पाकिटात तू लिहितोस, ‘लग्नात अर्कचित्रं काढून पोट भरतोय याची लाज वाटते. सिनेमा तर लांबच राहिला, स्वतःला चित्रकारही म्हणवत नाही.’ हे वाचून मला नीट झोप लागली नाही. फोनवर बोलून भागणार नाही असं वाटलं, म्हणून लिहितोय.

इटालियन दिग्दर्शक फेलिनीचे सिनेमे तू मनापासून पाहिलेस हे मला माहीत आहे. पण कॅमेऱ्यामागे उभं राहण्याआधी त्याने काय काय केलं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते आज सांगतो.

फेदेरिको फेलिनीचा जन्म 1920 चा, रिमिनी या समुद्राकाठच्या गावातला. (तू कोल्हापूरचा, म्हणून सांगतो: बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला तोही 1920 मध्येच. बाबूरावही नाटकाचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमाकडे वळले. तुझ्या गावात हा रस्ता नवा नाही.) सतराव्या वर्षी फेलिनीने देमोस बोनिनी या चित्रकाराबरोबर गावात एक छोटं दुकान थाटलं. उन्हाळ्यात समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांची अर्कचित्रं काढून द्यायची, पैसे घ्यायचे. गावातल्या फुल्गोर सिनेमागृहासाठी तो नटनट्यांची चित्रं काढायचा आणि त्या बदल्यात त्याला सिनेमे फुकट बघायला मिळायचे. म्हणजे तिकीटसुद्धा त्याने पेन्सिलीवर कमावलं.

1939 मध्ये तो रोमला गेला. आईवडिलांच्या समाधानासाठी कायद्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, पण त्याचे दिवस गेले एका विनोदी नियतकालिकाच्या कचेरीत, चित्रं काढण्यात आणि मजकूर लिहिण्यात. मग युद्ध आलं. 1944 च्या जूनमध्ये दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं, तेव्हा इटलीतला सिनेमाचा धंदा बसला होता आणि लोकांना खायची भ्रांत होती. चोवीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला फेलिनी काय करतो? पुन्हा दुकान टाकतो. अमेरिकन सैनिक यायचे, समोर बसायचे आणि घरी पाठवायला आपलं हसरं चित्र घेऊन जायचे. फार वेळ कुणी बसत नसे. भाषा धड येत नाही, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं. तेवढ्यात हनुवटी पकडायची की कान, हे ठरवायचं. तू ज्याची लाज धरतोस, तेच हे काम.

आणि एक दिवस त्याच दुकानात दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी आला. त्याला चित्र काढून घ्यायचं नव्हतं. एका सिनेमात पाद्र्याच्या भूमिकेसाठी त्याला आल्दो फाब्रिझी हा नट हवा होता, आणि फाब्रिझीची फेलिनीशी ओळख होती. ओळखीसाठी आलेल्या माणसाने फेलिनीला लिखाणात ओढलं, आणि त्यातून 1945 मध्ये ‘रोम, ओपन सिटी’ तयार झाला. त्या पटकथेसाठी फेलिनीला ऑस्करचं नामांकन मिळालं. दुकान बंद करून, दार लावून तो मोठी पटकथा लिहीत बसला असता, तर रोसेलिनी कोणत्या दारातून आत आला असता?

तू म्हणशील, काका, हा नशिबाचा भाग झाला. असेल. रोसेलिनी सगळ्यांच्या दारात येत नाही. पण त्या खुर्चीवर समोर बसून गेलेले चेहरे फेलिनीचे झाले, त्यात नशिबाचा काही भाग नाही. पुढे आयुष्यभर त्याने चेहऱ्यांवरून सिनेमे उभे केले. त्याच्या कचेरीत अनोळखी माणसांच्या फोटोंचे गठ्ठे असत. आधी चेहरा सापडायचा आणि मग त्या माणसाला सिनेमात काम मिळायचं. पात्र, पोशाख, केसांची ठेवण, टोपी, हे सगळं तो आधी रंगीत पेनने कागदावर काढायचा आणि तो कागद नेपथ्यकाराच्या, कपडेपटाच्या हातात द्यायचा. मी तीस वर्षं सेट उभे केलेत, म्हणून या गोष्टीचं मोल मला कळतं. दिग्दर्शक अर्धा तास हातवारे करून जे सांगू शकत नाही, ते दहा रेघांत कळतं.

मासिनाचीच गोष्ट बघ. जुलिएत्ता मासिना म्हणजे त्याची बायको. ‘ला स्त्रादा’मधली जेल्सोमिना घडवताना त्याने जुलिएत्ताचे लहानपणीचे फोटो समोर ठेवले होते. त्या गोल चेहऱ्यातली दहा वर्षांची मुलगी त्याला हवी होती. निर्मात्यांना ती या भूमिकेत नको होती, तो हटला नाही. 1954 चा हा सिनेमा पुढे ऑस्कर घेऊन आला. तू काढलेल्या त्या फेटेवाल्या मामाच्या चित्रातही मला म्हाताऱ्या माणसातलं पोर दिसलं. ताटली सांभाळताना त्याची जीभ थोडी बाहेर आलीय, ती तू टिपलीस. हे कुणाला शिकवून येत नाही.

आता माझं थोडं सांगतो, कारण ही चूक मी केलेली आहे. शिकत असताना मुंबईत मी सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका कारखान्यात रोजावर जायचो. फोटोवर चौकोन आखायचे, तेच चौकोन खडूने कापडावर मोठे करायचे आणि दहा फुटी चेहरा भरायचा. नाकपुडीत माझी मूठ मावायची. जवळून नुसते रंगाचे फटकारे दिसायचे, रस्ता ओलांडून मागे वळून पाहिलं की हिरो हसत असायचा. एका मास्तरांनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, ‘बाजारू काम करशील तर हात बिघडेल.’ मी दुसऱ्याच दिवशी कारखाना सोडला. आता खरं चित्र काढायचं म्हणून खोलीत कोरा कॅनव्हास लावून बसलो. अडीच वर्षं. त्या अडीच वर्षांत मी पूर्ण केलेली चित्रं चार. पुढे पहिल्या सेटवर दिग्दर्शकाने विचारलं, ‘वाड्याचं दार कसं दिसेल, काढून दाखव,’ तेव्हा माझा हात लाकडासारखा झाला होता. दार काढलं, पण ते कुणी उघडेल असं वाटेना. तो हात परत बसायला फार दिवस लागले. म्हणून तुझ्या पत्रातलं ‘या सीझनपासून लग्नं बंद, वर्षभर फक्त पटकथा’ हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला.

तुळशीचं लग्न लागलं की तुझा सीझन सुरू होईल. या वर्षी तो सोडू नकोस. मात्र एक दुसरी वही घे. ती वही पैशाची नाही, दाखवायची नाही, कुणी सांगितलेल्या विषयाची नाही.

फेलिनीची अशी वही होती. 1960 मध्ये ‘ला दोल्चे वीता’ या सिनेमाने त्याला जगभर नाव मिळवून दिलं. त्याच वर्षी तो रोममध्ये एर्न्स्ट बर्नहार्ड या, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या परंपरेतल्या मनोविश्लेषकाकडे जाऊ लागला. बर्नहार्डने त्याला स्वप्नं टिपून ठेवायला सांगितली. फेलिनीने ती नुसती लिहिली नाहीत, रंगवली. अवाढव्य बायका, बुडणाऱ्या होड्या, विमानतळ, आणि एका कोपऱ्यात बहुधा पाठमोरा, हडकुळा, भरपूर केसांचा फेलिनी स्वतः. मध्ये खंड पडला, तरी ही वही 1990 पर्यंत चालली. ती छापून लोकांच्या हाती पडली 2007 मध्ये, तो जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. स्वप्नांतून चित्र यावं असं अतिवास्तववादी चित्रकारांनी जाहीरनामे काढून मागितलं होतं, ते हा माणूस सकाळी उठून, कसलाही गाजावाजा न करता करत होता.

‘साडेआठ’ या सिनेमाच्या वेळी तो पार अडकला होता. नटांशी करार झालेले, सेट उभे राहत होते, आणि आपल्याला कोणता सिनेमा करायचाय हेच त्याला आठवेना. सिनेमा होणार नाही असं सांगणारं पत्र तो निर्मात्याला लिहीत होता. तेवढ्यात चिनेचित्ता स्टुडिओतल्या एका कामगाराने त्याला वाढदिवसाचा पेला घ्यायला बोलावलं. सगळे त्याच्या नव्या सिनेमाला शुभेच्छा देऊ लागले, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तिथेच त्याला सुचलं, की आपला सिनेमा हाच: कोणता सिनेमा करायचा हे न कळणारा दिग्दर्शक. हा प्रसंग फेलिनीनेच सांगितलेला आहे. मला त्यात तो कामगार महत्त्वाचा वाटतो. तू वर्षभर दार लावून बसलास तर तुला बाहेर कोण बोलावणार?

सगळं जमलं असं मात्र समजू नकोस. ‘मास्तोर्नाचा प्रवास’ हा त्याचा सिनेमा कधीच झाला नाही. सेट बांधले गेले, 1967 मध्ये तो गंभीर आजारी पडला, निर्मात्याशी वाद झाले. मेलेल्यांच्या मुलखात भटकणाऱ्या मास्तोर्ना या वादकाची गोष्ट पंचवीस वर्षांनी, 1992 मध्ये, मिलो मानारा या चित्रकाराबरोबर चित्रकथा म्हणून छापली गेली. कॅमेऱ्याला जे जमलं नाही, त्याचा थोडा भाग कागदाने केला. त्याच साली रोममधल्या एका बँकेच्या जाहिराती त्याने केल्या आणि त्यासाठी त्या स्वप्नांच्या वहीतली स्वप्नं वापरली. त्याने दिग्दर्शित केलेलं ते शेवटचं काम. बिनपैशाची वही आणि पैशाचं काम, दोन्ही एकाच टेबलावर आली.

वहीचं असं कर. उशाशी ठेव, सोबत एकच पेन. उठल्यावर मोबाइल हातात घ्यायच्या आधी काढ. स्वप्न आठवलं नाही तर जो रंग आठवतो तो लाव. खाली दोन ओळी लिही. सुबक करू नकोस, लग्नातली सफाई इथे आणू नकोस. आणि लग्नात गिऱ्हाइकाला कागद देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवत जा. आजवर दिलेले शेकडो चेहरे लोकांच्या फ्रिजवर गेले, तुझ्याकडे काय राहिलं?

अजून एक. कुणाच्याही छोट्या फिल्ममध्ये एकदा कॅमेऱ्यासमोर उभा राहा. रोसेलिनीच्या ‘चमत्कार’मध्ये 1948 साली फेलिनी स्वतः उभा राहिला होता. केस पिवळे रंगवलेले, समोर अन्ना मान्यानीसारखी जबरदस्त नटी, आणि याला एक शब्दही बोलायचा नाही. ती बाई त्याला संत समजून बोलत सुटते, हा नुसता ऐकतो. पुढे नटांशी तो ज्या मायेने वागायचा, ती मला वाटतं तिथे थोडी आली असेल. दिवा डोळ्यांवर आला की हात कुठे ठेवायचे हे कळत नाही. ते एकदा अंगावर घे, मग दुसऱ्याला ‘सहज उभा राहा’ असं सांगताना तुझा आवाज बदलेल.

पटकथेची तेरा पानं वाचली. नवव्या पानावरचा बँडवाला सोडून बाकीची माणसं मला दिसली नाहीत. त्याचं चित्र आधी काढ. बूट कसले आहेत, तुतारी कोणत्या काखेत धरतो, वरात संपल्यावर जेवायला कुठे बसतो, हे सगळं काढ. दहा चित्रं झाल्याशिवाय चौदावं पान लिहू नकोस.

पंधरा तारखेनंतर मी घरीच आहे. ये. बँडवाला घेऊन ये. मामाचा कागद परत मागू नकोस, तो फ्रेम करायला दिलाय. त्याचे तुझ्या दराने पैसे पाठवतोय, ते परत करू नकोस.

तुझा,
काका