गोष्टीतल्या चित्रासारख्या चित्रात घुबडाचा अर्थ काय घ्यायचा?

कंदील घेतलेली लहान मुलगी जंगलाच्या तोंडाशी, वर फांदीवर घुबड, लांब कुठेतरी घराची उजळलेली खिडकी. या चित्राचा भाव कसा ओळखायचा आणि घुबड म्हणजे शहाणपण की मृत्यू, असं तुम्ही विचारलंय.

घुबडाला जरा थांबवा. प्रतीकांची यादी हातात धरून बसलं की चित्र निसटतं. तेच घुबड ग्रीकांच्या ज्ञानदेवता अथीनाचं, तेच लक्ष्मीचं वाहन आणि तेच अपशकुनी. इथे त्यातलं कुठलं, ते चित्रालाच विचारावं लागतं.

मी आधी उजेड बघते, मग आकार. स्वीडिश चित्रकार जॉन बाउअर यांचं १९१३ सालचं एक जलरंगचित्र आहे: रानातल्या डोहाकाठी बसलेली राजकन्या तुव्हस्टार. कथेत तिचं सोन्याचं हृदय त्या पाण्यात पडलेलं असतं. मला ही कथा ठाऊक नव्हती, तरी चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गलबलून आलं. का, ते नंतर कळलं. काळपट बुंधे सरळ वर चौकटीबाहेर निघून जातात, शेंडे दिसतच नाहीत. त्यांच्या पायथ्याशी ती एवढीशी, फिकट. सगळ्या चित्रात सर्वांत उजळ तीच, आणि ती आपल्याकडे बघतही नाही, पाण्यात बघते. घाबरवणारं असं तिथे काहीच नाही. जंगल फक्त फार मोठं आहे आणि गप्प आहे. डोह म्हणजे हरवलेपण, हे मग कुणी सांगावं लागत नाही.

रेषाही बघा. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅम यांच्या चित्रांत शाईच्या पीळदार रेषांनी मुळं बोटांसारखी होतात, खोडांत चेहरे दिसू लागतात. अशा रेषेतलं झाड नुसतं झाड राहत नाही, ते गोष्टीतलं पात्र होतं. तुमच्या चित्रातल्या फांद्या मुलीकडे वाकल्यात का?

आता घुबड. ते मुलीकडे बघतंय की थेट आपल्याकडे? आपल्याकडे बघत असेल, तर तिला माहीत नसलेलं काहीतरी ते आपल्याला सांगतंय.

मुलीचं तोंड खिडकीकडे आहे की पाठ, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. तोंड असेल तर ती घरी परततेय आणि घुबड तिची सोबत करतंय. पाठ असेल तर ती घर सोडून निघालीय, आणि तिला जाताना पाहणारं तेवढं एकच कुणीतरी जागं आहे.